तुझ्या नावावरच्या फायली

प्रिय शिट्टी,

तुला काय म्हणून हाक मारायची यावर दोन कागद फुकट घालवले. तू आणि माझा लेक वेगळे झालात, सह्या झाल्या, पण सासूने यापुढे सुनेला काय म्हणायचं याचं कलम त्या कागदांत कुठेच नव्हतं. मग म्हटलं, काम करताना शिट्टी वाजवणाऱ्या मुलीला मी पहिल्याच आठवड्यात ठेवलेलं नाव कुणी काढून घेतलेलं नाही. तुला नको असेल तर सांग. सवय मोडायला मला जरा वेळ लागेल, एवढंच.

बातमी आपल्या कॉम्प्युटरची आहे. हल्ली तो सुरू होताना खोकतो. आपण अंध मुलांसाठी वाचून रेकॉर्ड केलेली सगळी पुस्तकं त्याच्या पोटात, आणि दुसरी प्रत कुठेही नाही. तो बसला, तर बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून कपड्यांच्या कपाटात शिरून, कोटांच्या मध्ये घामाघूम होत केलेलं सगळं वाचन गेलं. इतिहासाचं पुस्तक आठवतं? लढाया तू वाचायचीस आणि तहाची कलमं माझ्या वाट्याला. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी स्वल्पविरामाला श्वास घ्यायला शिकवलं होतं, तो मी घ्यायचे, आणि नेमक्या त्या शांततेत तुझी शिट्टी. मुलांना ती इतकी आवडायची, की पुढे आपण ती कापणंच सोडून दिलं.

तर लेकाने बाहेरून जोडायची एक डिस्क आणून दिली. आधी ती फॉरमॅट कर म्हणाला. फायली डिस्कवर कशा रचायच्या याच्या निरनिराळ्या पद्धती असतात हे तू मला कधीतरी सांगितलं होतंस, पण तेव्हा माझं लक्ष दुधावर होतं. तो म्हणाला, आई, डोकं चालवू नकोस, एक्सफॅट निवड, ते विंडोजवर उघडतं, तुझ्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्सवर उघडतं, टीव्हीलाही जोडता येतं. सगळ्यांशी जमवून घेणारी पद्धत म्हटल्यावर मला ती स्वभावाने बरी वाटली.

पहिला खोडा प्रश्नचिन्हांचा. 'हा धडा पुन्हा वाचायचा?' अशी नावं मी फायलींना दिलेली, आणि एक्सफॅटला नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. अपूर्णविरामही नाही. मी मुकाट्याने नावं बदलली. सिस्टरांनी माझे कान उपटले असते. मग सगळं डिस्कवर ओढून टाकलं आणि सहज एका फायलीची माहिती उघडून पाहिली, तर मालक म्हणून माझं नाव. दुसरी पाहिली, माझंच. तुझ्या सगळ्या लढाया माझ्या नावावर. आपल्या कॉम्प्युटरवर तुझं खातं वेगळं, तू वाचलेल्या फायलींवर नाव तुझं. पण कुठली फाईल कुणाची हे एक्सफॅट लिहूनच ठेवत नाही. ज्याने डिस्क जोडली, त्याचंच सगळं.

लेकाला फोन केला. तो म्हणाला, नाव कोण बघतंय, आवाज तिचाच आहे ना? बरोबरच होतं त्याचं. तुझ्याविषयी तो वाकडं बोलत नाही, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते. पण उद्या कॉम्प्युटर बंद पडला आणि या डिस्कवरून सगळं परत चढवलं, तर या घरातल्या कॉम्प्युटरवर तुझ्या नावाची एक फाईल उरणार नव्हती. मला ते काही केल्या पटेना.

मग चष्मा पुसून वाचायला बसले. ईएक्सटी-४ ही लिनक्सची स्वतःची पद्धत. ती मालकाचं नाव जपते, प्रश्नचिन्हांनाही तिची ना नाही. डिस्क पुसली, ईएक्सटी-४ने फॉरमॅट केली. पुसताना भलतीच डिस्क तर निवडली नाही ना, हे इतक्यांदा तपासलं की चहा गार झाला. नुसतं ओढून टाकलं तर याही डिस्कवर नाव माझंच लागलं असतं, म्हणून फायली मालकाच्या नावासकट उतरवणारी, तू शिकवलेली आरसिंकची ओळ, पुढे सगळे अधिकार देणारं सुडो लावून टाकली. आणि बघते तो काय, लढाया तुझ्या, तह माझे. एकटीच हसले. शेजारीण खिडकीतून म्हणाली, लॉटरी लागली की काय.

आता हे सगळं तुला का लिहिते आहे ते सांगते. दुसरी प्रतही केली आहे, आणि ती दुसऱ्या घरात ठेवायला हवी. लेक म्हणाला, माझ्याकडे दे. मी म्हटलं, तुझ्या विंडोजवर ही डिस्क उघडणार नाही रे. ते खरंच आहे, पण मी ते जरा जास्तच आनंदाने म्हटलं. तुझ्याकडे लिनक्स आहे, तिथे उघडेल. ठेवशील? मात्र नवं वाचन झालं, की त्यात भरायला ती इकडे आणावी लागेल, दर महिन्याला तरी. तुला इथे येणं जड वाटत असेल तर मी तिकडे येईन, डब्यात काहीतरी घेऊन. आलीस, तर तुझं खातं जसंच्या तसं आहे. त्याचा पासवर्ड मला माहीत नाही, आणि विचारणारही नाही. तो तुझ्याच हाताने टाकायचा आहे.

तुझीच, अजूनही,
आई