चिंधी न बांधलेली डिस्क

बाबा, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. तेवढ्या काळात मी कॉम्प्युटरचं लिनक्स शिकलो, कुणाच्या क्लासची पायरी न चढता. घणसोलीतल्या एका शाळेची कॉम्प्युटरची खोली मी सांभाळतो. बारा मशीन आहेत. एक नीट लावायचं आणि त्याची हार्ड डिस्क जशीच्या तशी बाकीच्यांवर उतरवायची. जिच्यावर उतरवतो तिच्यावरचं आधीचं काही उरत नाही, हे मी तिथल्या बाईंना इतक्यांदा बजावलंय की त्या म्हणतात, "सर, आता आमच्या ह्यांनापण पाठ झालंय."

अजून डोळ्यांसमोर आहे: तळवलीच्या आपल्या अंगणात तू जाळं घेऊन बसला आहेस. जाळं तरंगत ठेवणाऱ्या प्रत्येक बोयाला आईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधतोस. मी म्हणतो, कशाला, आपलं जाळं मी नुसत्या नजरेनं ओळखतो. तू मान वर करत नाहीस. "पान्यान सगली जाली सारकीच दिसतान. शाना हाईस, पन चिंधी बांद."

गेल्या मंगळवारी शाळेतल्या एका मशीनची डिस्क गेली, म्हणून घरच्या कपाटातली रिकामी घेऊन गेलो. कपाटात दोन होत्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. दुसरीवर तुझा आवाज होता. शेवटच्या वर्षी मीच भरून घेतलेला: खाडीतल्या वाटा, गाळ कुठे, भरती कुठून चढते, आणि मधेच चहासाठी आईला मारलेली हाक. नाव कशावरच लिहिलं नव्हतं. मला हातात घेतली की कळते, असं मी सांगायचो. काम चाळीस मिनिटांत झालं, एकही चूक न दाखवता. संध्याकाळी कपाटातली उरलेली लावून पाहिली, ती रिकामी होती. शाळेतली परत आणून, तुझा आवाज कुठे उरलाय का म्हणून तीन दिवस खणली. जिच्यावरून उतरवलं तिचं मापही तंतोतंत तेच, त्यामुळे शेवटचा कोपरासुद्धा पुसला गेलाय. बारा मशीनना प्रती वाटणाऱ्यानं तुझी एक प्रत काढून ठेवली नव्हती.

काल आई म्हणाली, "तुजे बापासचा आवाज लाव ना जरा." अधूनमधून ऐकते ती. चहाची हाक आली की दर वेळी म्हणते, आले, आले. मी म्हणालो, मशीन बिघडलंय. मशीन बिघडत नसतं, माणूस चुकतो, असं जगाला ऐकवणारा मी. "बरा," ती म्हणाली, "सुदारला का सांग."

आज सकाळी पुन्हा विचारलं तिनं. हे तिला वाचून दाखवायचं ठरवून लिहायला बसलो होतो. आता पानाची घडी घालून कपाटात ठेवतोय. मशीन ठीक आहे, बाबा.