अडुळशाची बाटली

मुदखेड, ४ जानेवारी २०२५

चि. सौ. पुनमला सिंधुताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आई तुझ्या शेजारीच असते, म्हणून कागद घेतला. कॅन्सरच्या नव्या गोळीने तिची गाठ लहान झाली, ऐकून बरं वाटलं. लातुरात सगळे म्हणतात, सून असावी तर पुनमसारखी. म्हणोत बापडे! पोटची लेक मी आहे. धपाटेही तिला आता तुझ्याच हातचे लागतात म्हणे. जळते गं मी, खोटं कशाला बोलू? पण काही गोष्टी ती अजून मलाच सांगते. कोणत्या, ते विचारू नकोस. शेजारच्या शिवप्रसादच्या हाती बाटली पाठवते, ती तिलाच दे.

माझ्या भावाला आशीर्वाद. लोभ आहेच, वाढवायचा की नाही, तू ठरव.

तुझी ताई

लातूर, २१ जानेवारी

ती. सौ. सिंधुताईंस पुनमचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्ही नुसत्या रडलात, म्हणून लिहिते. परवा जिना चढताना आईंना धाप लागली, ओठ निळे पडले. डॉक्टर म्हणाले, गोळीमुळेच फुप्फुसांना सूज आली आहे. कोरडा खोकला लागला तेव्हाच कळवायचं होतं. मी छातीठोकपणे सांगितलं, खोकला नव्हताच. आईंनी मान खाली घातली. मी न उघडताच त्यांना दिलेली तुमची बाटली घरी उशीखाली सापडली. अडुळशाचा काढा! आता गोळी बंद आहे, स्टेरॉइड आणि ऑक्सिजन चालू आहे.

तीन महिने मी त्यांचं अंग पुसते, आणि त्या माझ्यापासून लपून पदरात खोकतात, सांगतात मात्र तुम्हाला. मलाही जळता येतं, ताई. तुम्हाला माहीत होतं, तर मला का नाही कळवलं?

लोभाचं नंतर पाहू.

पुनम

मुदखेड, २७ जानेवारी

चि. सौ. पुनमला आशीर्वाद. द्यायला तोंड नाही, तरी.

सतरा दिवस मला माहीत होतं. आईने शपथ घातली होती, पण खरं सांगू? तुला ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे, याचाच मला आनंद होता.

काल ऑक्सिजन काढल्यावर तिचा फोन आला. मी विचारलं, मलाच का सांगितलंस? वाटलं, लेक म्हणून, असं म्हणेल. म्हणाली, पुनमला सांगितलं असतं तर तिनं तवाच दवाखान्यात नेलं असतं, गोळी बंद झाली असती. तू गप बसशील, हे मला ठाव होतं.

आई तुला भिते, पुनम. तिला धाक वाटावा इतकी काळजी माझ्या हातून कधी झालीच नाही.

रविवारी येते. धपाटे तूच कर. लोभ मागत नाही, दार तेवढं उघड.

सिंधु