थंडीला न जुमानणारे मासे

प्रिय दादा,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. आतले कागद आईला मोठ्याने वाचून दाखवले. ती भाजी निवडत राहिली, मग एवढंच म्हणाली, “आधी खुशाली कळव त्याला.” तर खुशाली अशी, की आईचा गुडघा बरा आहे, आणि यंदा तळ्याचं पाणी सलग सहा दिवस नऊ अंशांवर होतं, तरी मासे जिवंत आहेत.

चार हिवाळ्यांपूर्वीची ती सकाळ तू विसरला नसशील. सगळं तळं पांढऱ्या पोटांनी भरलेलं. आपण तिघं दिवसभर मेलेले मासे जाळ्याने ओढत होतो. तू म्हणालास, “उबेतला मासा हा, थंडीत मरणारच. त्याला काय स्वेटर विणून घालणार आहेस?” पुढच्याच आठवड्यात तू त्या मोठ्या मत्स्यबीज कंपनीत रुजू झालास. त्यात तुझी चूक नव्हती, घर चालायला हवं होतं. पण गाळाशी एकोणीस मासे अजून हलत होते, हे मी तुला सांगितलं नाही. तू हसला असतास.

ते मी मागच्या खोलीतल्या हौदात ठेवले. उन्हाळ्यात त्यांना पिल्लं झाली. हिवाळ्यात त्या पिल्लांचं पाणी रोज एकेक अंशाने थंड करत गेले. उलटी पडली ती गेली; तगली, त्यांचीच पुढची पैदास. पहिल्या वर्षी शंभरातली नव्वद मेली. हाताने वाढवायची आणि त्याच हाताने मारायची, दादा. लोक म्हणाले, हिचं डोकं फिरलंय. आई मात्र बर्फ फोडून द्यायची. दुसऱ्या वर्षी सत्तर गेली, तिसऱ्या वर्षी चाळीस. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या शिंपीणबाईंनी थोडी पिल्लं त्यांच्या तळ्यात सोडायला नेली. यंदाच्या थंडीनंतर त्या ओल्या हातांनीच धावत आल्या, “अगं, आहेत! सगळे आहेत!” मी ओट्यावर बसून रडले.

ही बातमी तुझ्या कंपनीपर्यंत पोचली, म्हणून आता तुझे कागद. हा वाण कंपनीचा, नाव कंपनीचं, मला पगाराची नोकरी, आणि यापुढे एक पिल्लूही कुणाला द्यायचं नाही. सोबत तुझी चिठ्ठी, “हट्ट सोड, सही कर.” नाही करणार. कागद सहीविनाच परत पाठवते आहे. आणि तुझ्या साहेबांना हेही सांग, की मंगळवारी मी आणि आईने नर-माद्या बादल्यांत घालून अकरा घरी पोचवल्या. पाणी कसं थंड करायचं, कुठली पिल्लं राखायची, तेही शिकवलं. आता हा मासा एकट्या माझा उरलाच नाही, मग लिहून काय देऊ? यावरून तुला तिथे बोलणी खावी लागतील, ठाऊक आहे. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. रागाव हवं तेवढं. पण राग घेऊन का होईना, घरी ये. एक जोडी तुझ्या नावाने राखून ठेवली आहे. कंपनीसाठी नव्हे, तुझ्यासाठी.

तुझीच, सही न करणारी
धाकटी