हमालाची मुदत

प्रिय खारुताई,

अक्षर पाहून बिचकू नकोस. हात आईचा आहे, बडबड माझी. माझ्या दोन्ही हातांची बोटं बधिर होत चालली आहेत, पेन धरलं की निसटतं. माझी बटणं आई लावते, वेणी आई घालते आणि वर ऐकवते की हे सगळं एकदा करून झालं होतं, पुन्हा करावं लागेल असं वाटलं नव्हतं. हे वाक्य तिने फार आवडीने लिहिलं. तुझा जुना ईमेल बंद आहे, म्हणून पत्ता तुझ्या वहिनीकडून मिळवला. ती म्हणाली, तू आता मुलांना पोहायला शिकवतेस आणि घरात कॉम्प्युटरसुद्धा ठेवलेला नाहीस. ऐकून आधी राग आला, मग हेवा वाटला. हेवा अजून गेलेला नाही.

आपला हमाल अजून चालतो. इथे आईने लिहायचं थांबवून विचारलं, हमाल कोण? इतकी वर्षं माझं जेवण त्याच्यापायी गार होतंय आणि हिला पत्ता नाही. मग पुन्हा सगळं सांगितलं: लोकांचे ईमेल इकडून तिकडे वाहून नेणारा, आपण दोघींनी लिहिलेला सर्व्हरचा प्रोग्राम, कुणीही फुकट घ्यावा, आतून उघडून बघावा, सुधारावा असा. ती म्हणाली, फुकटात हमाली कोण करतं? मी तिच्यासमोर खुर्चीत बसले होतेच.

पहिली चाचणी आवृत्ती काढली तेव्हा आपण ठळक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त तपासून बघण्यासाठी, खऱ्या कामाला जुंपू नये. लोकांनी ते वाचलं आणि लगेच जुंपला. तुझा जीव खालीवर व्हायचा. कच्च्या मालावर कुणी विसंबून राहू नये म्हणून तू त्याच्या पोटातच मुदत घातलीस: प्रत्येक चाचणी आवृत्ती तीन महिन्यांनी आपोआप बंद पडेल. चाचणीची आवृत्ती काढायला एकीची सही पुरे, पण जिला मुदत नाही अशी पक्की आवृत्ती दोघींच्या सह्यांशिवाय निघणार नाही, आणि हा नियम बदलायचा तरी सह्या दोघींच्याच. एकीच्या घाईने घोटाळा नको, म्हणालीस. मी मान डोलावली. विचार चोखच होता. फक्त दोघींतली एक टेबल आवरून निघून जाईल, हे आपण धरलं नव्हतं.

तेव्हापासून मी तुझ्या मुदतीच्या दावणीला बांधलेली आहे. मुदत संपायच्या आत नवी चाचणी आवृत्ती काढली नाही, तर तो वापरणाऱ्या सगळ्यांचे ईमेल थांबतील. त्यांत एक दवाखाना आहे, तपासण्यांचे निकाल त्यावरून जातात. एक अग्निशमन केंद्र आहे. एका कचेरीतले गृहस्थ तर दर खेपेला मलाच झापतात की तुमची मुदत नेमकी आमच्या सुट्ट्यांत येते, जरा पुढे ढकला. भाचीच्या लग्नात मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून आवृत्ती काढत होते. घरच्या फोटोत मी नाही, दारातल्या माझ्या चपला तेवढ्या आल्या. मदत करणारे खूप आहेत, दुरुस्त्या पाठवतात, बारीकसारीक चुका शोधतात, पण सहीशिवायची आवृत्ती कुणी लावत नाही आणि सही माझ्याकडेच. मी थकले म्हटलं की सगळे इतकं समजून घेतात, आणि त्याच्याच खाली विचारतात, पुढची कधी? मी अडकले आहे गं. दार उघडं दिसतं आणि उठता येत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन्ही मनगटांचं ऑपरेशन लागेल आणि मग पुष्कळ दिवस बोटांना काम नाही. वेळ घालवला तर गेलेली संवेदना परत येणार नाही. मी तारीख घेतली आणि मोडली, पुन्हा घेतली, पुन्हा मोडली, कारण मधे मुदत येत होती. शेवटच्या वेळी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, आता तारीख मागायला येऊ नका, कुठला हात नको आहे ते सांगायला या.

तू गेलीस तेव्हा जे तुला खटकत होतं, एकच ईमेल कधीकधी दोनदा पोचायचं, ते मी निस्तरलं आहे. बाकी सगळं निर्दोष आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, आणि सांगितलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस.

सोमवारी माझं ऑपरेशन आहे. परवा काढलेल्या आवृत्तीची मुदत संपेल तेव्हाही मला बोटं वापरता येणार नाहीत. पुढची आवृत्ती मी काढणार नाही. हे कुणाला कळवलेलं नाही, कारण कळवलं तर कुणीतरी गोड बोलून मला थांबवेल आणि मी थांबेन. माझी सही ज्या किल्लीने होते ती बोटभर धातूची पट्टी या पाकिटात घातली आहे. तुझी तुझ्याकडे असेलच, तू कधी काही टाकून देत नाहीस. आता दोन्ही सह्या तुझ्या हातात आहेत. नीट तपास आणि त्याला पक्का म्हण, किंवा आणखी एक कच्ची आवृत्ती काढून तीन महिने मिळव, किंवा दोन्ही किल्ल्या पोहण्याच्या तलावात टाक, पण मला विचारू नकोस. तू सुटली होतीस आणि मी तुला पुन्हा आत ओढते आहे, हे मला कळतं. आई हे लिहायला तयार नव्हती. आपल्या गळ्यातलं असं दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये, म्हणाली. मग तिने माझा हात ओढून घेतला आणि बोटाला टाचणी टोचली. मी तिच्याकडे बघतच राहिले, टोचल्याचं मला कळलंच नव्हतं. तिने बोट पुसलं आणि लिहायला घेतलं.

तुझीच,
मुंगी