दुसऱ्या इंजिनाची गाडी

चिऊ,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. काल जेवताना मी तू घ्यायला निघालेल्या त्या जुन्या गाडीला भंगार म्हणालो आणि तू ताटावरून उठलीस. मग आईने मला चांगलंच फैलावर घेतलं.

सकाळी फिरायचं निमित्त करून मी ती गाडी बघून आलो. मी तुझा बाप आहे हे मालकाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. इंजिन दुसऱ्या गाडीचं असलं तरी बसवणाऱ्याचा हात चांगला आहे, वायरी कुठे लोंबत नाहीत.

तरी दुपारी तू स्वतः नीट बघ. आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवली होती असं समज, आणि पूर्ण थंड झाल्यावरच चालू करून बघ, खोट असली तर थंड इंजिनातच कळते. इंजिनावरचा नंबर कागदांवरच्या नंबराशी जुळला नाही, तर फुकट दिली तरी घेऊ नकोस. हे इंजिन मूळच्यापेक्षा दांडगं आहे, तेव्हा ब्रेकही त्या ताकदीचे बसवलेत का ते विचार. चढावर ने आणि इंजिन तापतंय का, काट्याकडे बघत राहा.

काल मी उगाच गाडीवर राग काढला. ती आली की तू त्या लांबच्या नोकरीवर जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सगळं जुळलं तर घेऊन टाक. चावी मिळाली की आधी माझ्या गॅरेजवर ये आणि मला शेजारी बसवून एक चक्कर मार. तू चालवत असताना तोंड उघडणार नाही, असं आईला कबूल केलंय.

बाबा