बंद केंद्रावरची बासरी

अण्णा,

तुमचा कार्डांचा डबा आज उघडला. मंगळवार पेठेतलं घर रिकामं करायचं आहे, आणि आई गेल्यापासून त्या डब्याला कुणी हात लावला नव्हता. वर परदेशी रेडिओ केंद्रांनी पाठवलेल्या कार्डांचा गठ्ठा होता, रबर लावलेला. बोट लागताच रबर तुटलं. प्रत्येक कार्डावर तुमचं नाव आहे, आणि खाली टाईप केलेलं, की अमुक दिवशी अमुक वेळी तुम्ही आमचं केंद्र ऐकलंत याची आम्हाला खात्री पटली आहे.

ऐकलं मी होतं. फौंड्रीत कास्टिंग घासून घासून तुमचा डावा कान गेला होता, उजवा अर्धा उरला होता, आणि त्याबद्दल घरात बोलायचं नसे. सकाळी साडेपाचला आपण दोघं स्वयंपाकघरात बसायचो, कारण एरियलची तार तिथल्या खिडकीतून शेवग्याच्या झाडाकडे गेली होती. तुम्ही शॉर्टवेव्हचा काटा केसभर पुढे, केसभर मागे करायचा. मी रेडिओच्या जाळीला कान लावून सांगायचे: बाई बोलते आहे, आता घंटा, आता गाणं. केंद्राला पाठवायच्या रिपोर्टात तुम्ही ते लिहून घ्यायचा, साडेपाच तास वजा करून ग्रिनिचची वेळ घालायचा, आणि आवाज किती स्वच्छ, खरखर किती, याचे पाच आकडे मला विचारायचा. आई भाकरी थापायला लागली की तुम्ही ओरडायचा, "जरा थांब की! केंद्र निसटतंय." "मग आज डब्यात केंद्रच बांधून न्या," आई म्हणायची आणि थापत राहायची.

एकदा खरखरीत बुडालेलं एक नाव मी अंदाजानं सांगितलं, आणि मग भीती वाटून तसं कबूल केलं. तुम्ही अख्खा रिपोर्ट फाडलात. "ऐकलं तेवढंच सांगायचं. तिकडं माणूस वहीशी ताडून बघतोय. खोटं निघालं तर आपलं नाव गेलं." नाव तुमचंच का, हे मी त्याच दिवशी विचारलं. "एका घरातनं दोन रिपोर्ट गेलं की त्यांस्नी कॉपी वाटती," तुम्ही म्हणालात. मी अकरा वर्षांची होते. मला ते पटलं.

मग ते प्रदर्शन. गावातल्या रेडिओ ऐकणाऱ्यांनी शाळेच्या हॉलमध्ये आपापली कार्डं मांडली होती. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता, मी अल्बम धरून तुमच्या उजव्या बाजूला उभी होते. गारगोटीहून आलेला एक माणूस अल्बमवर वाकतो आणि विचारतो, "पावणं, एवढं बारीक केंद्र तुमाला लागलं कसं?" हॉलमध्ये गोंगाट आहे. तुम्ही माझ्याकडे बघता. मी प्रश्न तुमच्या कानात सांगते. "कान तयार करायला लागतो," तुम्ही म्हणता. तो हसून माझ्याकडे बोट करतो, "पोरगीबी ऐकती का?" तुम्ही पुन्हा माझ्याकडे बघता. मी टाचा उचलते आणि तुमच्या कानात म्हणते, "पोरगी पण ऐकते का, असं विचारतायत."

"तिला काय कळतंय त्यातलं? शिनेमाची गाणी ऐकती ती."

त्यानंतरही तो काही विचारत राहिला. प्रत्येक प्रश्न मी तुमच्या कानात सांगितला.

दोन दिवसांनी सकाळी आपण त्याच स्टुलांवर बसलो. काटा जागेवर होता, पण केंद्र नव्हतं. नुसती खरखर. मी म्हणाले, लागलंय. म्हणाले, बासरी आहे. मग एक पुरुष बोलतो आहे, समुद्राबद्दल. मग पुन्हा बासरी. पाच आकडेही दिले, चांगले दिले. तुम्ही लिहिलंत आणि लिहिता लिहिता बासरीला मान डोलावलीत. रिपोर्ट तुम्ही स्वतः टपालात टाकलात.

त्या रिपोर्टचं कार्ड आलं नाही. मी अधूनमधून विचारायचे. "यील की. लांबचं हाय," तुम्ही म्हणायचा. पुढे तुम्ही रिपोर्ट लिहिणंच बंद केलंत. "डोळ्याला दिसंना झालंय," म्हणालात. मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही गेलात तेव्हाही मी हेच धरून होते, की तुम्हाला कळलं नाही.

डब्याच्या तळाशी त्या केंद्राचं पत्र आहे. पाकीट नीट कात्रीनं कापलेलं. शिक्का पाहिला: रिपोर्ट गेल्यानंतर जेमतेम दीड महिना. आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत, पण त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी आमचं प्रक्षेपण बंद होतं. तेव्हा आपण काय ऐकलंत ते आम्हाला सांगता येत नाही.

म्हणजे "यील की" म्हणताना तुम्हाला माहीत होतं. एका नावासाठी कागद फाडणारे तुम्ही, हे पत्र घडी घालून ठेवलंत आणि माझ्यासमोर शांतपणे चहा प्यालात. तुम्ही मला ओरडायला हवं होतं, अण्णा. ओरडला असतात तर मीही विचारलं असतं, हॉलमध्ये तसं का म्हणालात. ते विचारायचं होतं म्हणून तर मी खोटं सांगितलं असेल. तुम्ही गप्प राहिलात आणि तो प्रश्न माझ्याकडेच राहिला. हॉलमधलं मी कधीतरी विसरले असते. हे विसरणार नाही.

हे पत्र डब्यात, त्या पत्राखाली ठेवते आहे. तिकडून कुणी ताडून बघणार नाही, तरीही ऐकलं तेवढंच लिहिलं आहे. फक्त एक राहिलं. त्या सकाळी तुम्ही मान डोलावलीत, तेव्हा मी जाळीला कान आणखी घट्ट लावला होता. मला वाटलं, बासरी खरंच असेल.