खिडकीतला दिवा

ट्रोम्सो, डिसेंबर

सूर्यसान्निध्यवासी बंधू सिगवार्ड यास,

तक्रार गंभीर आहे. तू स्पेनहून वडिलांना पाठवलेला दिव्याचा टायमर फार टिकटिकतो. दुपारी तीनला दिवा लावतो, दहाला विझवतो. तीस वर्षं संस्कृत शिकवून मला भेटलेला स्थितप्रज्ञ हा एकच. वडील गेले तरी त्याचा नेम चुकला नाही.

इथे दोन महिने सूर्य उगवत नाही आणि कुरकुर करणं असभ्य मानतात, हे तू विसरला नसशील. वडील गेले त्या आठवड्यात, सोमवारी संध्याकाळी शेजारीण गुन्वोर आणि मी स्की घालून त्यांच्या घरावरून गेलो. खिडकीत दिवा होता. वडील खुर्चीत, मांडीवर लोकरी पांघरूण.

"बघ तुझा बाप कसा मजेत बसलाय!" ती म्हणाली. "नाहीतर तू. सदा सुतकी तोंड!"

"आत जाऊन कॉफी घेऊ या का गं?"

"छान तंद्री लागलीय त्यांची. कशाला मोडतोस?"

मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. "ध्यानस्थ आहेत," मी म्हणालो, आणि आम्ही हसत पुढे गेलो.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. 'झोपेत गेले' असं तुला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. डॉक्टर म्हणाले, झटका रविवारी आला. अंग लुळं पडलं, वाचा गेली, पण बुधवारपर्यंत ते जिवंत होते.

डोळे उघडे होते, सिगवार्ड. मी हात हलवला तेव्हा त्यांना दिसलो असेन, याचीच मला भीती वाटते.

तुझा थोरला भाऊ,
टोरगाइर